बारापैकी बारा जिंकून बारावे

"लहान कॉन्फरन्समधल्या संघाला प्लेऑफमध्ये जागा द्यायची आणि नोटर डेमसारख्या संघाला घरी बसवायचे, हे तुम्हाला खरोखर न्याय्य वाटते का?" डिसेंबर 2025 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे अजिंक्यपद ठरवणाऱ्या बाद फेरीत, टुलेन आणि जेम्स मॅडिसन या लहान कॉन्फरन्समधल्या (कॉन्फरन्स म्हणजे संघांचा गट) संघांना जागा मिळाली आणि नामांकित नोटर डेम बाहेर राहिला. तेव्हापासून हा प्रश्न मला ऑफिसातले सहकारी विचारतात आणि आमच्या मराठी मित्रमंडळींची कॉलेजात गेलेली मुलेही विचारतात. तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते. माझे उत्तर 'हो' असे आहे, आणि ते 2017 च्या हंगामापासून बदललेले नाही.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत 130 पेक्षा जास्त संघ आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात जेमतेम 12 सामने येतात, त्यामुळे कोणतेही दोन संघ एकमेकांसमोर येण्याची शक्यता मुळातच कमी असते. संघ कॉन्फरन्समध्ये विभागलेले आहेत, पण एसईसी आणि बिग टेन या बलाढ्य कॉन्फरन्सकडे जो पैसा आणि जे खेळाडू जातात, त्याच्या आसपासही सन बेल्टसारखी लहान कॉन्फरन्स पोहोचत नाही. हंगामाअखेर 13 जणांची समिती क्रमवारी लावते. 2014 पासून 2023 पर्यंत तिच्या हातात प्लेऑफच्या चारच जागा होत्या. 2024 पासून बारा झाल्या आणि त्यांपैकी पाच जागा क्रमवारीत सर्वात वर असलेल्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांसाठी राखून ठेवण्यात आल्या. सगळा वाद आहे तो यातून लहान कॉन्फरन्सच्या विजेत्याला मिळणाऱ्या जागेचा.

मी ऑर्लँडोत राहते. 24 नोव्हेंबर 2017 रोजी युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाचा, म्हणजे यूसीएफचा, साउथ फ्लोरिडाविरुद्धचा सामना मी मैदानावर बसून पाहिला. या मैदानाच्या प्रेक्षागाराचा सांगाडा पोलादी आहे. हजारो लोक एकदम उड्या मारू लागले की बाक, पायऱ्या, कठडे सगळेच हलू लागते आणि तो कंप पायाच्या तळव्यांपासून दातांपर्यंत चढतो. शेवटची दोन मिनिटेही उरली नव्हती तेव्हा पाहुण्यांनी 42-42 अशी बरोबरी साधली आणि सारे मैदान गप्प झाले. पुढच्याच किकऑफवर, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या लाथेवर, आमच्या माइक ह्यूजने चेंडू झेलला आणि 95 यार्ड पळत नेऊन गुण मिळवले. माझ्या शेजारच्या अनोळखी आजींनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की घरी गेल्यावरही बोटांचे वळ दिसत होते. सामना 49-42 असा जिंकला. आठवड्याने मेम्फिसला दोन जादा डावांनंतर 62-55 असे हरवून आम्ही कॉन्फरन्सही जिंकली. दोनच वर्षांपूर्वी, 2015 मध्ये, हाच संघ बाराच्या बारा सामने हरला होता.

दुसऱ्या दिवशी समितीची यादी आली. बारापैकी बारा सामने जिंकलेला आमचा संघ तीत बारावा होता, आणि त्याच्या वर दोन-दोन, तीन-तीन सामने हरलेले संघ होते. वेळापत्रक सोपे होते, हे त्याचे कारण. जॉर्जिया टेकविरुद्धचा आमचा सामना इर्मा चक्रीवादळामुळे रद्द झाला होता, त्याला संघ काय करणार? 1 जानेवारी 2018 रोजी अटलांटातल्या पीच बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात आम्ही एसईसीतल्या ऑबर्नला 34-27 असे हरवले. याच ऑबर्नने नोव्हेंबरात जॉर्जिया आणि अलाबामा या दोघांनाही हरवले होते, आणि पुढच्या आठवड्यात अजिंक्यपदासाठी खेळले ते हेच दोघे. एका विजयाने आम्ही देशात सर्वश्रेष्ठ ठरलो, असे माझे म्हणणे नाही. श्रेष्ठ कोण, हे खेळून ठरवण्याची संधीच त्या मुलांना मिळाली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

वेळापत्रकाचा मुद्दा मला सर्वात जास्त बोचतो. कॉन्फरन्सबाहेरचे सामने अनेकदा कित्येक वर्षे आधी करार करून ठरतात आणि त्या करारात मोठ्या विद्यापीठाचा शब्द चालतो. लहान संघाला ठरावीक रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावायचे, परतफेड म्हणून त्याच्या मैदानावर मात्र जायचे नाही, अशी पद्धत आहे. लहान संघ चांगला निघाला की तेही बोलावणे कमी होते, कारण त्याला हरवून नाव होत नाही आणि त्याच्याकडून हरले तर हंगाम बुडतो. मग डिसेंबरात त्याच संघाला विचारले जाते की तुम्ही खेळलात तरी कोणाशी? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ही अवस्था आहे.

पुण्याच्या माझ्या मामांना मी हे रणजी करंडकाच्या आधारे समजावले. तिथेही गट असमान होतेच, पण प्लेट या खालच्या गटातून बाद फेरीत जाण्याचे दार 2010-11 मध्ये उघडे होते. त्या दारातून आलेल्या राजस्थानने करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी तो राखलाही. त्यांना आधीच कमकुवत ठरवून बाहेर ठेवले असते, तर हे कोणाला कळले असते?

आता नोटर डेमविषयी. दहा विजय आणि दोन पराभव, आणि तेही दोन्ही मिळून अवघ्या चार गुणांनी. त्या खेळाडूंविषयी मला मनापासून वाईट वाटले. पण नोटर डेम फुटबॉलमध्ये कोणत्याही कॉन्फरन्समध्ये नाही, आणि तो त्यांचा स्वतःचा निर्णय आहे. शिवाय त्यांची जागा टुलेन आणि जेम्स मॅडिसन यांनी घेतली, हे म्हणणेच मला पटत नाही. तीन सामने हरलेला अलाबामा आणि नोटर डेमला हरवलेला मायामी यांना समितीने खुल्या जागांवर निवडले. तुलना करायची तर त्यांच्याशी करावी. त्यातला मायामी दहाव्या क्रमांकावरून थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, यावरून समितीच्या क्रमवारीवर किती भरवसा ठेवायचा तेही दिसते.

टुलेन 41-10 असा आणि जेम्स मॅडिसन 51-34 असा हरला, हे खरे आहे. पण त्याच स्पर्धेत एसईसीतला अलाबामा इंडियानाकडून 38-3 असा हरला आणि आदल्या वर्षी त्याच कॉन्फरन्समधला टेनेसी ओहायो स्टेटकडून 42-17 असा हरला, तेव्हा एसईसीच्या जागा कमी करा असे कोणी म्हटले नाही. मोठा संघ चिरडला गेला तर त्याचा दिवस वाईट होता असे म्हणायचे आणि लहान संघ हरला तर त्याची लायकीच नव्हती असे ठरवायचे, या दोन मापांचाच मला राग येतो.

एक गोष्ट मात्र मी मान्य करते. 2024 मध्ये चार कॉन्फरन्स विजेत्यांना थेट उपांत्यपूर्व फेरीत नेणारा नियम चुकीचा होता. विजेतेपदाने प्रवेश मिळावा, पण पहिल्या फेरीतून सूट क्रमवारीनुसारच मिळावी, आणि तो नियम पुढच्याच वर्षी बदलला हे योग्य झाले.

2023 पासून आमचा यूसीएफ स्वतःच बिग ट्वेल्व्हमध्ये, म्हणजे मोठ्यांच्या पंगतीत आहे. उद्या तीन सामने हरलेल्या यूसीएफला वगळून टुलेनसारख्या एखाद्या विजेत्याला जागा मिळाली, तर मला रात्री झोप लागणार नाही. तरीही सकाळी तुम्ही हाच प्रश्न विचारलात, तर मी त्या विजेत्याच्याच बाजूने बोलेन.