तुम्ही विचारलंत म्हणून: अलार्मची वायर कापू का?

लंडनमधल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात, कुणाच्या बारशाला, नाहीतर थेट व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री दोन वाजता, हा प्रश्न मला ठरलेला. विचारणारे बहुधा पुण्याहून नाहीतर हैदराबादहून नुकतेच इंग्लंडला आलेले असतात. भाड्याच्या घरात जेमतेम सामान लागलेलं असतं आणि जिन्याखालच्या कपाटातल्या एका पांढऱ्या पेटीने, म्हणजे चोरांसाठी लावलेल्या अलार्मने, झोप उडवलेली असते. "तुमच्याकडेही झालं होतं ना असं? मग काय केलंत? वायर कापू का?"

नका कापू. बाकीचं सविस्तर सांगते, पण हातात पक्कड असेल तर ती आधी खाली ठेवा.

आमची गोष्ट २०१९ च्या ऑक्टोबरमधली. रेडिंगमधलं लाल विटांचं, दुमजली, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं घर. ऑगस्टमध्ये राहायला आलो होतो. दारापाशी भिंतीवर आकड्यांचा कीपॅड, बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात छताजवळ एक सेन्सर, आणि बाहेर वरच्या मजल्याच्या खिडकीशेजारी भोंग्याचा डबा. घर दाखवताना एजंट म्हणाला होता, "तो अलार्म वापरात नाही, लक्ष देऊ नका." आम्ही नाही दिलं. वापरात नसलेली वस्तू वाजूही शकते हे कुणाच्या डोक्यात येणार?

त्या रात्री वारा सोसाट्याचा होता. पावणेतीनच्या सुमाराला वीज क्षणभर गेली असावी, कारण नंतर पाहिलं तर मायक्रोवेव्हचं घड्याळ शून्यावर लुकलुकत होतं. जाग आली ती आवाजाने. आपल्याकडे पार्किंगमधल्या गाड्या चाली बदलत केकाटतात, तसला नव्हे. एकाच पट्टीतला, दात शिवशिवावेत असा. नवरा धावत खाली गेला आणि चारचौघांनी केलं असतं तेच त्याने केलं: जिन्याखालच्या पेटीशेजारचा स्विच बंद केला. आतला छोटा भोंगा गप्प झाला. बाहेरचा चालूच. मग त्याने घराचा मेनच पाडला. आता अंधार, थंडी, रडणारा मुलगा, आणि तोच आवाज.

दार उघडलं तर शेजारच्या आजी ड्रेसिंग गाऊनमध्ये फाटकाशी उभ्या. त्या फक्त म्हणाल्या, "अगेन?"

म्हणजे आमच्या आधीच्या भाडेकरूंनीही हे भोगलं होतं. एजंटच्या "वापरात नाही"चा अर्थ तेव्हा नीट कळला.

वीसेक मिनिटांनी भोंगा आपला आपण थांबला. इथले बाहेरचे भोंगे बहुतेक असेच लावलेले असतात, वीस मिनिटांत बंद होतील असे. पण ती वीस मिनिटं आपल्या दाराबाहेर उभं राहून शेजाऱ्यांच्या एकेका खिडकीत दिवा लागताना बघावी लागली, तर मनुष्य घर सोडायचा विचार करतो. आम्ही केला.

आता त्या पकडीचं, म्हणजे वायर का कापायची नाही ते. अमेरिकेत समरव्हिलच्या ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये विजेच्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. त्यात दार उघडलं की सर्किट जुळायचं आणि घंटा वाजायची. म्हणजे चोराने आधीच वायर तोडली तर घंटा मुकी. आजचे वायरवाले अलार्म बरोबर उलटे चालतात. वायरीतून बारीकसा प्रवाह सतत फिरत असतो. दारावरचा चुंबक चौकटीतला एक इवलासा स्विच जुळलेला धरून ठेवतो. दार उघडलं, चुंबक लांब गेला, प्रवाह तुटला, की बोंब. त्यामुळे वायर कापणं आणि दार फोडणं यात पेटीला काही फरक कळत नाही.

त्यातून बाहेरच्या डब्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. आतली पेटी त्याला सतत वीज पुरवत असते, आणि ती वीज येते आहे तोवर तो गप्प. ती थांबली की तो समजतो, चोराने आतली पेटी मारली, आणि स्वतःच्या बॅटरीवर सुरू होतो. नवऱ्याने मेन पाडून आपल्या हाताने त्याची खात्री पटवून दिली होती! "आम्ही तर अलार्म कधी लावलाच नाही" असं तुम्ही म्हणाल. पण पेटीचं झाकण उघडणं, डबा भिंतीवरून हलवणं, वायर तोडणं यावरची पाळत चोवीस तास चालू असते, अलार्म लावलेला असो नसो. कीपॅडवर तिला 'टॅम्पर' म्हणतात.

मग आमच्याकडे मुळात बिघडलं काय होतं? बॅटरी. वीज गेली तर पेटी चालू राहावी म्हणून तिच्यात एक बॅटरी असते, कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते तसलीच, १२ व्होल्टची, शिशाची. आमची कधीच बसलेली होती. वीज असेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. एका क्षणासाठी वीज गेली आणि पेटी मेली, पेटी मेली म्हणून डबा ओरडला, आणि वीज परत आली तेव्हा पेटी जागी झाली ती घाबरूनच, आतला भोंगा वाजवत.

सकाळी एजंटला फोन केला. उत्तर आलं, "अलार्म भाड्यात धरलेला नाही." मी करारनामा काढून बसले. इथे घरमालकाने काय दुरुस्त करायचं ते १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे: घराचा ढाचा, पाणी, गॅस, वीज, मोरी-संडास, हीटिंग, गरम पाणी. अलार्मचं नाव त्यात नाही. म्हणून तुमच्या करारात आणि इन्व्हेंटरीत, म्हणजे घरातल्या वस्तूंच्या यादीत, काय लिहिलंय यावर सगळं अवलंबून. आमच्या इन्व्हेंटरीत कीपॅडचा फोटो होता आणि खाली "तपासलेला नाही". त्या फोटोचाच आधार घेऊन घरमालकाला ईमेल लिहिली: वस्तू तुमची आहे, शेजारी वैतागलेत, आणि आवाज असाच होत राहिला तर १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली कौन्सिल (इथली नगरपालिका) वॉरंट घेऊन घरात शिरू शकते, अलार्म बंद करून खर्चही लावू शकते. भांडणाचा सूर ठेवला नाही, पण कायद्याचं वर्ष मात्र घातलं. दोन दिवसांत इंजिनियर पाठवायला ते तयार झाले. तुम्हीही फोनवर बोलू नका, लिहून पाठवा. आणि परवानगीशिवाय पेटी उघडू नका. ती तुमची नाही.

ते दोन दिवस कीपॅड मिनिटामिनिटाला टुक करत राहिला. कोड ना एजंटकडे होता, ना मालकाकडे. शेवटी तो सापडला कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीने लिहिलेला, चार आकडे आणि खाली रेघ. पेटीपासून वीतभर अंतरावर! चोर आला असता तर त्याला चष्मासुद्धा लागला नसता. तो दाबला आणि पडद्यावर पहिल्यांदा नीट इंग्रजी उमटलं: लो बॅटरी. हेच वाक्य आम्ही येण्याआधीपासून तो बिचारा सांगत असणार, पण कीपॅडचं झाकण उघडून वाचलं कुणी?

इंजिनियर आला, साठीचा, कमी बोलणारा. त्याने आधी आपला इंजिनियर कोड घातला आणि मगच झाकणाला हात लावला. विचाराल तर बरोबर क्रम तोच आहे. आतली बॅटरी पुरीसारखी फुगलेली. तिच्यावर कुणीतरी बॉलपेनने २०११ लिहिलं होतं. या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षं चालतात. त्याने मीटर लावला तर आकडा बाराच्या वर! नवरा म्हणाला, "ही तर चांगली आहे." इंजिनियरने न बोलता पेटीची वीज बंद केली, आणि आकडा आमच्या डोळ्यांदेखत चारावर आला. बसलेल्या बॅटरीला चार्जिंग चालू असताना व्होल्ट दिसतात, दम नसतो. नवी बसवली, चार्जिंग १३.७ दाखवतंय हे पाहिलं, मग शिडी लावून बाहेरच्या डब्यातलीही छोटी बॅटरी बदलली. ही दुसरी विसरू देऊ नका, कारण शिडी काढायचा कंटाळा इंजिनियरलाही येतो. जाताना त्याने नव्या बॅटरीवर तारीख लिहिली आणि मला नवा कोड टाकायला लावून पाठ फिरवून उभा राहिला.

खरं तर एजंटने तोडगा दुसराच सुचवला होता: सगळं काढूनच टाकू. मोह झाला. पण दिवाळी तोंडावर होती. आपल्या घरांत सोनं असतं हे इथल्या चोरांना पक्कं ठाऊक आहे, आणि सणासुदीला पोलीसही आशियाई कुटुंबांना तसं बजावतात. माझ्या चार पाटल्या आणि आईची मोहनमाळ त्या वर्षी घरात होती. म्हटलं, असू दे, सांभाळू. (पुढच्या वर्षी लॉकर घेतला तो भाग वेगळा.)

आणि नेमकं लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, तो पुन्हा वाजला. आम्ही स्लाऊला मित्राकडे जेवायला. तीन वाजून दहा मिनिटांनी आजींचा फोन. धावत घरी आलो. दार शाबूत, खिडक्या शाबूत, पाटल्या डब्यात. पेटीची नोंदवही उघडली, ती कोडने कीपॅडवर वाचता येते. झोन ३, म्हणजे बैठकीची खोली, वेळ १६:०७. चार वाजून सात? आत्ता तर चारही वाजले नव्हते! मग लक्षात आलं, त्याच पहाटे घड्याळं एक तास मागे गेली होती आणि पेटीला ते कुणी सांगितलं नव्हतं.

झोन ३ चा सेन्सर हालचाल बघतो म्हणतात, पण तो खरं तर ऊब बघतो. त्याच्या भिंगाने खोलीचे पंख्यासारखे पट्टे पाडलेले असतात, आणि एका पट्ट्यातून दुसऱ्यात कमीजास्त उबेचं काही सरकलं की त्याला माणूस वाटतो. भिंगावर चालणारा कोळीसुद्धा त्याला राक्षसाएवढा दिसतो, म्हणून महिन्यातून एकदा मऊ फडक्याने पुसा. आमच्याकडे कोळी नव्हता. मी कोचावर बसून सेन्सरच्या नजरेने खोली बघितली, तेव्हा समोर दिसला आकाशकंदील. आदल्या दिवशी मी तो खिडकीत टांगला होता, बरोब्बर रेडिएटरच्या वर. तीनला हीटिंग सुरू झालं, गरम हवा वर चढली, आणि झिरमिळ्या डोलायला लागल्या. नाताळात इथे सजावटीने आणि फुग्यांनी हेच होतं, असं नंतर इंजिनियरने फोनवर सांगितलं. आकाशकंदील त्याने पहिल्यांदाच ऐकला असावा, दोनदा स्पेलिंग विचारलं.

कंदील स्वयंपाकघरात गेला, तिथे सेन्सर नाही. संध्याकाळी चकल्या आणि शंकरपाळे घेऊन आजींकडे माफी मागायला गेले आणि घराची एक किल्लीही त्यांच्याकडे ठेवून आले. काही भागांत कौन्सिलने तसं घोषित केलं असेल तर अलार्मवाल्या घराने किल्ली सांभाळणाऱ्याचं नाव अठ्ठावीस दिवसांत कळवावं लागतं. आमच्याकडे सक्ती नव्हती. पण घरी नसताना भोंगा सुरू झाला तर किल्ली आणि कोड असलेलं कुणीतरी चार पावलांवर हवंच.

एक राहिलं. घरातल्या सामानाचा विमा काढताना अर्जात "अलार्म आहे का" असा प्रश्न येतो. नुसता भिंतीवर आहे म्हणून "हो" लिहू नका. हो लिहिलंत तर बाहेर पडताना तो लावणं ही अट होऊ शकते, आणि चोरीनंतर कंपनी तेच विचारते.

तर पुढच्या वेळी रात्री मेसेज कराल तेव्हा कीपॅडवर काय लिहून आलंय त्याचा फोटो पाठवा. बॅटरीवर तारीख असेल तर तीही, पण ती इंजिनियरने पेटी उघडल्यावर.