रॅक की फ्लोअर? गंगाखेडच्या मांडवात लागलेला निकाल

गिटारसाठी डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलर घ्यायचा म्हटलं की पोरं आधी आवाजाचं विचारतात. मॉडेलर म्हणजे वेगवेगळ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र. मी लातूर भागात ऑर्केस्ट्राचं साउंड बघतो, आणि मी आधी विचारतो, तू प्रोग्रामला जातोस कशानं? स्वतःची गाडी, पार्टीचा टेम्पो, की पाठीला गिटार अडकवून एसटी? रॅक की फ्लोअर, याचं निम्मं उत्तर तिथंच मिळतं. उरलेलं निम्मं मला नवरात्रातल्या गंगाखेडच्या सुपारीत मिळालं.

आमच्या पार्टीतल्या गिटारवाल्यानं जुना ट्यूब अ‍ॅम्प विकला होता. पैसे जमले होते, पण मन ठरत नव्हतं. त्याला हवं असलेलं मॉडेल दोन रूपांत मिळतं. फ्लोअर म्हणजे पायाशी ठेवायचं, स्विच त्याच्यावरच. रॅक म्हणजे पेटीत स्क्रूनं आवळायचं आणि पायाशी वेगळा कंट्रोलर, मध्ये एक लांब केबल. नांदेडहून आलेल्या वादकाकडं रॅक होतं आणि फ्लोअर एका मित्राकडून मागून आणलेलं. "दादा, दोन्ही वाजवतो. तुम्ही म्हणाल ते घेतो," आमचा पोरगा म्हणाला. जबाबदारीच होती ती.

अंबाजोगाई, परळी करत टेम्पो दुपारी पोचला. सोयाबीनच्या राशी चालू होत्या, हवेत भुसा नि धूळ. साउंड चेकला दोन्ही युनिटं मिक्सरच्या शेजारशेजारच्या चॅनेलवर घेतली, पॅच, म्हणजे साठवलेली आवाजाची सेटिंग, एकच भरला, मीटर बघून लेव्हल समान केली. हे समान करणं फार गरजेचं. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो आणि माणूस त्यालाच दर्जा समजून बसतो. मग मी चॅनेल बदलत राहिलो. ढोलकीवाला, गायिका, कीबोर्डवाला, कुणालाही फरक सांगता आला नाही. मलाही नाही. आत गणित तेच, तर आवाज वेगळा यायचा कुठून?

काही कंपन्यांत असंच असतं, सगळीकडं मात्र नाही. लाइन सिक्स कंपनीनं 2015 मध्ये हेलिक्स मॉडेलर आणलं तेव्हा फ्लोअर आणि रॅक दोन्हींत मॉडेलिंग तेच ठेवलं. केम्परनं 2019 मध्ये स्टेज नावाचं फ्लोअर युनिट काढलं, तेही त्यांच्याच जुन्या प्रोफायलर मॉडेलचंच काम करतं. फ्रॅक्टलचं वेगळं: अ‍ॅक्स-एफएक्स थ्रीच्या रॅकमध्ये एका वेळी दोन अ‍ॅम्प ब्लॉक चालतात, एफएम थ्री या फ्लोअरमध्ये एकच. ब्लॉक म्हणजे आत नक्कल केलेला एक अ‍ॅम्प. तिथं रॅक म्हणजे खरोखर जास्त ताकद. म्हणून नुसतं रूप बघू नये, त्या मॉडेलच्या आत काय आहे तेही बघावं.

आवाजाचा प्रश्न मिटला आणि हमिंग, म्हणजे स्पीकरमधली गुरगुर, सुरू झालं. रॅक माझ्या बोर्डवर होतं, फ्लोअरला स्टेजच्या तोंडाशी असलेल्या लायटिंगच्या बोर्डावरून करंट दिलेला. फेज वेगळा आणि त्या बोर्डाला अर्थिंगच नाही. मांडवातला एकजण पक्कड घेऊन आला, "प्लगची मोठी पिन काढून टाकू, गुरगुर बंद होते." मी त्याचा हात धरला. 1972 साली स्वान्सीमध्ये लेस हार्वी हा स्कॉटिश गिटारवादक स्टेजवर माइकला हात लावताच शॉक लागून गेला. अर्थिंग धड नव्हतं. एका हातात गिटारच्या तारा आणि ओठाशी माइक, एवढं पुरतं. युनिटच्या मागं ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते फक्त सिग्नलच्या केबलची शील्ड तोडतं. ते खुशाल दाबा, पण करंटच्या अर्थला हात लावू नका. आम्ही जनरेटरशेजारी रॉड ठोकला, माती ओली केली, दोन्ही युनिटं माझ्याच बोर्डावर घेतली. मग मीटरची एक पिन माइकच्या जाळीला, दुसरी गिटारच्या तारेला लावली. आकडा शून्याजवळ आल्यावरच पोराला गिटार घेऊ दिली.

पहिला भाग रॅकवर आणि मध्यंतरानंतर फ्लोअरवर, असं ठरलं होतं. आरती झाली, पाहुण्यांनी स्टेजच्या कडेवरच नारळ फोडला आणि पाणी थेट फ्लोअर युनिटच्या दिशेनं उडालं. पोरानं आधीच त्यावर जाड टॉवेल टाकून ठेवला होता, म्हणून निभावलं. पायाशी ठेवायच्या वस्तूच्या नशिबी नारळाचं पाणी, कुंकू, धूळ आणि नाचणाऱ्यांचे पाय हे आलंच. रॅक माझ्या शेजारी पेटीत कोरडं, निवांत होतं.

खरा घोळ रॅकच्याच केबलनं घातला. कंट्रोलरकडं जाणारी केबल स्टेज ओलांडून गेली होती. आम्ही टेप मारला होता, पण गरब्याच्या मुली आल्या, गेल्या, आणि कुणाच्या तरी पायानं टेप सुटला. चौथ्या-पाचव्या गाण्यात पोरगा पाय मारतोय आणि आवाज क्लीनच, म्हणजे साधाच. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी वाकून बघितलं तर केबलच्या टोकाची ती नखाएवढी प्लास्टिकची जीभ मोडलेली. प्लग खोबणीत नुसता टेकलेला होता, धक्का बसला की बाहेर.

अशा वेळी रॅकमधला आवाज थांबत नाही, शेवटचा पॅच चालू राहतो. फक्त पायाचा ताबा जातो. आमच्याकडं मिक्सर स्टेजच्या बाजूलाच असतो म्हणून वाचलो. मी एक हात मिक्सरच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर, ठेवला, दुसरा रॅकच्या नॉबवर. अंतऱ्यानंतर पोरगा मान हलवायचा, मी लीडचा, म्हणजे सोलोचा, पॅच लावायचो. मुखडा आला की परत क्लीन. गाणी पाठ होती, त्यामुळं जमलं. गायिकेला कळलंही नाही. मध्यंतरापर्यंत असंच चाललं आणि खरं सांगतो, मजा आली. पण हाच मिक्सर मैदानाच्या टोकाला असता तर पोरानं काय केलं असतं?

मध्यंतरानंतर फ्लोअर. लाईट गेली, जनरेटरवर बदल होईपर्यंत क्षणभर खंड पडला आणि युनिट बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागलं. ढोलकीवाल्यानं तेवढा वेळ भरून काढला. मी लगेच फ्लोअरची वायर मिक्सरच्या यूपीएसवर घेतली, पुढं रात्रभर काही झालं नाही.

परतीला परळीत चहाला थांबलो. पोरगा विचारायलाय, "मग दादा?"

मी म्हणालो, फ्लोअर घे. माजलगाव, पालम, अहमदपूर, तू एकटा जातोस, अनोळखी साउंडवाल्याकडं वाजवतोस. रिकामी रॅक पेटीच इतकी जड असते की एसटीत तू चढवणार कशी? फ्लोअरला करंटची एक आणि मिक्सरची एक केबल, बाकी सगळं तुझ्या पायाखाली. त्याची दुखणी यूपीएसनं आणि टॉवेलनं बरी होतात. रॅकचं दुखणं बरं करायला त्या रात्री मी शेजारी लागलो. ज्याची स्वतःची गाडी आहे, सोबत माणूस आहे, त्यानं रॅक बिनधास्त घ्यावं. वायरिंग आत कायमचं बांधलेलं, यूपीएस त्याच पेटीत, स्टेजवर मांडणी झटपट.

पोरानं दिवाळीच्या आधी फ्लोअर घेतलं, सोबत कडक केस आणि छोटा यूपीएस. नांदेडवाल्यानं रॅक ठेवलं आहे. त्यानं धातूच्या कवचाची, लॉक बसणारी केबल बनवून घेतली आणि तशीच दुसरी पेटीच्या खणात ठेवली.