शाई राखून काढलेली मारबत

पोळा जवळ आला की नागपूरच्या मुलांचे लक्ष मारबतीच्या, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीकडे लागते, म्हणून सातवीच्या चित्रकलेच्या तासाला खरवडचित्रासाठी, म्हणजे रंगांवरचा काळा थर खरवडून काढायच्या चित्रासाठी, मी तोच विषय दिला. बाजारात काळा थर दिलेले तयार कागद मिळतात, पण मी ते टाळते. खाली कोणता रंग कुठे आहे हे मुलाने स्वतः ठरवले नसेल, तर खरवडल्यावर जे उमटते त्यात त्याचा विचार फारसा उरत नाही.

आदल्या दिवशी मुलांनी जाड कार्डशीटवर मेणखडू दाबून घासले होते आणि त्यावर काळ्या शाईचा थर दिला होता. मेण पाण्याला थारा देत नाही. नुसती शाई लावली तर तिचे थेंब गोळा होतात. त्यामुळे शाईत भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे थोडे थेंब मिसळावे लागतात, म्हणजे पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन ती सलग पसरते. श्रावणातल्या दमट हवेत हा थर वाळायला वेळ लागतो, आणि ओलसर शाई खरवडली की रेषेच्या कडा फाटतात.

बहुतेकांनी रिकाम्या रिफीलने रेषा ओढून बैल, बडगे (मिरवणुकीतले इतर पुतळे), पताका काढल्या. एक मुलगी मात्र आइस्क्रीमच्या काडीच्या कडेने आकाश, घरे आणि गर्दी खरवडत राहिली आणि मधला मोठा आकार तिने मुद्दाम तसाच राखला. मी विचारल्यावर ती म्हणाली, "मॅडम, काळी मारबत काळीच असते न जी. तिला कशाला खरवडू?"

१८८१ पासून या शहरात निघणारी ती काळी मारबत मी अनेकदा पाहिली आहे, पण शाईच तिचे अंग होऊ शकते हे मला सुचले नव्हते. हातांच्या बाह्यरेषा सांभाळताना तिने काडी टाकून टूथपिक घेतली. तेवढ्या कडा तिने फार सावकाश केल्या, आणि मला त्या चित्रातला सर्वांत कसदार भाग तोच वाटला.

शेजारच्या मुलाला लगेच पिवळी मारबत करावीशी वाटली, पण त्याच्या शाईखाली मध्यभागी निळा आणि हिरवा रंग होता. काळी मारबत ऐनवेळी ठरवता येते. पिवळीसाठी मात्र तिची जागा शाई लावण्याआधीच पिवळ्याने भरून ठेवावी लागते, हे त्याने माझ्याआधी ओळखले. त्याने नवे कार्डशीट मागून घेतले आणि तास संपेपर्यंत मधोमध पिवळा खडू घासत बसला.