आमची वाटचाल : पत्र्याच्या आतली जागा

आमचा धंदा भाड्याचा. स्लॅब ओतताना खालून लावायच्या सेंट्रिंगच्या प्लेटा, जॅक, लोखंडी परांची, कुंपणाचे पत्रे, हिरवी जाळी, सगळं दिवसाच्या दरानं देतो. पण आता ओळख पडलीय ती वेगळ्याच कामानं. सोलापुरात पेठेतल्या एखाद्या बिल्डरला बांधकामापुरता समोरचा चौक भाड्यानं घ्यायचा झाला, की तो आमच्याकडं येतो.

1996 साली वडिलांनी गिरणीतून मिळालेल्या पैशात साठ प्लेटा आणि थोड्या बल्ल्या घेतल्या. अशोक चौकाच्या मागं एक पत्र्याचं शेड, तेच ऑफिस आणि तेच गोडाऊन. माल हातगाडीवरून जायचा, मी शाळा सुटल्यावर मागून ढकलायचो. मुकादम तेलुगू बोलायचा, गवंडी कानडी, हिशेब मराठीत. भांडण मात्र तिन्ही भाषांत. पुढं जुळे सोलापूर वाढलं, विजापूर रोडला कामं निघाली आणि आमच्या प्लेटा साठाच्या सहाशे झाल्या. तिकडं प्लॉट मोकळे. वाळू टाका, खडी टाका, सळई वाकवा, कुणी विचारत नव्हतं.

पेठेतलं काम निराळं. वाड्याची भिंत संपली की रस्ता. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली, त्यानंतर जुना वाडा पाडून बांधायला निघालेल्या मालकांचे फोन वाढले. पण प्लॉटमध्ये फूटभरही जागा सुटलेली नसते. मग मिक्सर कुठं उभा करायचा आणि खडी कुठं उतरवायची? समोर चौक दिसतो, कडुनिंब, कट्टा, शहाबादी फरशी. रात्री गाडी रिकामी केली की झालं, असंच चालायचं. आम्हीही तेच करायचो, खोटं कशाला बोलू.

कायदा मी फार उशिरा वाचला. सार्वजनिक रस्त्यावर, जागेवर साहित्य ठेवायचं तर आयुक्तांची परवानगी लागते. महापालिका अधिनियमाचं कलम 230. परवानगीशिवाय ठेवलेलं नोटीस न देता उचलून नेता येतं, कलम 231. आणि महापालिकेची जागा भाड्यानं द्यायची तर चालू बाजारभावापेक्षा कमी दरात देता येत नाही, कलम 79. राडारोड्याचे 2016 चे नियमही वाचले, त्यात रस्त्यावर किंवा गटारीत मलबा टाकायचाच नाही असं स्पष्ट होतं.

आमच्या गिऱ्हाइकांना आवडणार नाही, पण मला विचाराल तर चौकाचं भाडं चांगलं घसघशीत असावं. जागा फुकट होती तेव्हा खडीचा ढीग पाऊस पडून त्यावर गवत उगवेपर्यंत पडून राहायचा. चौरस मीटरला दिवसाचा दर लागला की तोच ढीग आठवड्यात हलतो. 12 बाय 9 मीटरची जागा म्हणजे 108 चौरस मीटर. त्याला सहा महिन्यांनी गुणलं की बिल्डर आपोआप विचारतो, "ओ मालक, 6 बाय 9 मध्ये बसत नाही का?" बसतं की! सळई शेडमध्ये कापून आणायची, सिमेंट रोजच्यापुरतंच मागवायचं, मालाची लिफ्ट भिंतीला चिकटून लावायची. निम्मा चौक लोकांना मोकळा राहतो.

चौक लोकांचाही असतो, हे शहाणपण आम्हाला एका चुकीतून आलं.

भवानी पेठेच्या बाजूला पहिलं रीतसर काम मिळालं. परवानगी झाली, अनामत भरली, नकाशाप्रमाणे चुन्यानं आखून दिलेली जागा आम्ही आठ फुटी पत्र्यांनी बंद केली. दाराला कुलूप, किल्ली वॉचमनकडं. सगळं कसं चकाचक. आमच्याकडं तेव्हा नळाला रोज पाणी येत नव्हतं, हे सोलापूरकराला सांगायला नको. चौथ्या-पाचव्या दिवशी पाण्याची पाळी यायची, तीही बऱ्याचदा रात्रीची. त्या रात्री पाणी सोडणारा चावीवाला गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायला आला तर व्हॉल्व्ह आमच्या पत्र्याच्या आत! वॉचमन गावी गेलेला. चावीवाल्यानं दहा मिनिटं पत्रा वाजवला आणि पुढच्या गल्लीला निघून गेला.

सकाळी सात वाजता दुकानापुढं पंधरा-वीस बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. एक आजी म्हणाल्या, "जागा भाड्यानं घेतली, आमचं पाणीबी घेतलं का रे?" मी काय बोलणार? दोन टँकर मागवले, स्वतः पाइप धरून उभा राहिलो. त्या कामातला आमचा नफा त्या टँकरांतच गेला.

तेव्हापासून पत्रा ठोकण्याआधी आमचा माणूस चौकात दोन दिवस नुसता बसतो. व्हॉल्व्ह कुठं, चेंबर कुठं, कुणाची गाडी कुठं लागते, शाळेची पोरं कुठून कापून जातात, हे तो वहीत मांडतो. व्हॉल्व्हपुढं कुलूप नसलेलं छोटं दार ठेवतो. पायवाटेवर परांचीचं छत घालतो, वर दोन थर फळ्या. अग्निशमनची गाडी वळेल एवढी वाट सोडतो. क्रेनच्या पायाखाली जाड लाकडी ठोकळे देतो, नाहीतर एका उचलीत फरशीचा चुरा. बिल्डरला हा सगळा खर्च फालतू वाटतो, तेव्हा मी त्याला टँकरची गोष्ट सांगतो.

गड्ड्याच्या यात्रेचंही असंच. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे सातही नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, 68 लिंगांना तैलाभिषेक करायला निघतात, त्या वाटेवर आमचा पत्रा, परांची, लोंबती जाळी काही चालत नाही. म्हणून मार्गावरचं काम असेल तर करारातच लिहितो की यात्रेपुरती जागा मोकळी करून द्यायची आणि त्या दिवसांचं पत्र्याचं भाडं आम्ही लावणार नाही. एका परगावच्या बिल्डरनं विचारलं, "काठ्या जरा वाकवून नेता येत नाहीत का?" आमच्या पोरांनी त्याला चहा पाजला आणि गप्प बसवलं.

जागा परत देताना जास्त काळजी लागते. आधीचे फोटो काढून ठेवतो, अनामत परत मिळवायला तेच कामाला येतात. गेल्या वर्षी एका चौकात आम्ही वीसेक फुटक्या फरशा पदरच्या पैशानं बदलून दिल्या, जुन्यापेक्षा सरस, घोटून गुळगुळीत. अधिकारी बघून गेले, बिल्डरनं पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी गजरेवाल्या मावशी टोपली घेऊन आल्या आणि तिथंच घुटमळत राहिल्या. काम चालू होतं ते सहा महिने त्या कोपऱ्यावर बसत होत्या.

"मावशी, काय झालं?"

"माझी फरशी कुठं हाय? कोपरा उडालेली. पलीकडच्या भाजीवालीची हद्द तिथनं सुरू हुती."

तासाभरात दोघींचं जुंपलं. शेवटी मीच चुन्यानं रेघ मारून दिली, दोघींनाही पटली नाही ती. आता फरशी काढली की तिच्या पाठीवर ऑइलपेंटनं नंबर घालतो आणि जी अजून धड आहे ती परत तिच्याच जागी बसवतो, कोपरा उडालेला असला तरी.