करंगळीएवढं रोप

वेडी बाभूळ काढायचं कंत्राट दर झाडामागे दिलं की काय होतं ते बघायचं असेल तर आमच्या कडेच्या प्लॉटवर या. माणसांनी कुऱ्हाडीने जमिनीलगत छाटली, झाडं मोजली, पैसे घेतले, गेली. एका खोडाच्या जागी आता झुडपासारखे दहा फुटवे आहेत आणि आत शिरायला वाट नाही. ही बया मरायला हवी असेल तर जमिनीखाली वीतभर उकरून, जिथे फुटव्यांचे डोळे असतात तो मुळाचा गड्डाच काढावा लागतो, पण गड्डा फोटोत दिसत नाही ना, मग त्याचे पैसे कोण देणार.

मी कच्छच्या बन्नीत, म्हणजे रणाला लागून असलेल्या गवताळ माळावर, गवत मोजायचं काम करते. पीव्हीसी पाइपची एक मीटरची चौकट टाकायची, आत काय काय उगवलंय ते लिहायचं, पुढे सरकायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण इथली जमीन दिसते सपाट आणि असते खारट, चार बोटं उंचसखल झालं की गवत बदलतं. जरा बरी जागा असेल तर जिंजवो म्हणजे आपलं मारवेल, खारट झाली की खारियू हे गवत, त्याहून खारट झाली की लाणो हे झुडूप. पावसानंतर माती बुटाला एवढी चिकटते की पाय उचलवत नाही, आणि बाभळीचा काटा जाड सोलमधूनही वर येतो.

1961 च्या सुमारास रण पुढे सरकू नये म्हणून सरकारनेच इथे तीस हजार हेक्टरच्या वर ही बाभूळ लावली. शेंगा गोड, जनावर खातं, बी शेणातून बाहेर पडतं, तेही खतासकट. मालधारी, म्हणजे इथले गुरं पाळणारे लोक, सांगतात की शेंगा खाऊन गाई मरायला लागल्या म्हणून लोक म्हशींवर आले. आणि बन्नीची म्हैस रात्री गुराख्याविना चरायला जाते, पहाटे धारेला परत येते, त्यामुळे दिवसा जीपमधून येणारे साहेब 'चराई आढळली नाही' असं लिहून जातात. शेणाचे पो टाकायला भुतं येतात बहुतेक.

तर त्या दिवशी शेजारशेजारचे दोन प्लॉट होते, दोन्ही जेसीबीने गड्ड्यासकट साफ केलेले. एकाला कुंपण, एक उघडा. उघड्यात प्रत्येक पोमधून बाभळीच्या रोपांचा झुबका वर आलेला, काही तर गुडघ्याएवढी. कुंपणात मांडीपर्यंत गवत, रोपं शोधावी लागत होती, सापडली ती पिवळट, करंगळीएवढी. आमचे सर एकदम खूश. पुस्तकात असतं की गवत वरच्या थरातलं पाणी पितं, झुडूप खालच्या, दोघांची वाटणी ठरलेली. पण कालपरवा उगवलेल्या रोपाला कुठलं आलंय खालचं पाणी, त्याला आधी गवताच्या मुळांमधून वाट काढत खाली जावं लागतं आणि तिथेच ते हरतं, म्हणजे गवत राखा, बाभूळ आपोआप थांबेल. मलाही तेच वाटत होतं.

मग मी एक पिवळं रोप उपटायला गेले आणि ते येईना. खुरप्याने बाजूची माती काढत काढत खाली गेले, वर करंगळीएवढं आणि खाली मूळ कोपरापर्यंत, शेवटी टोक तुटलंच. जिथे तुटलं तिथे गवताची मुळं जवळजवळ संपलेली आणि माती ओलसर होती. अजून उपटली, काहींची मुळं खरंच सुकलेली, पण बरीचशी अशीच. हरलेली म्हणायची का ही? दोन वर्षं पाऊस नाही झाला (इथे ते नवल नाही) तर वरचं गवत वाळेल आणि ही खाली पाण्याशी बसलेली असतील.

कुंपणाशी चाचा उभे होते, त्यांच्या म्हशी त्या बाजूला चरतात. मी मूळ दाखवलं तर म्हणाले, "हे आम्हाला माहीत आहे बेटा, तू कुंपणाचं सांग. दुष्काळात ह्याच बाभळीचा कोळसा पाडून आम्ही घर चालवलं. 2004 ला कोळशावरची बंदी उठवली, 2008 ला परत घातली, आणि आता तुम्ही गवत चांगलं आलं म्हणून त्याला तार मारता. गवत कोणासाठी चांगलं आलंय?" यावर मी काहीतरी रोटेशनल ग्रेझिंग, म्हणजे आलटून पालटून चराई, वगैरे बोलले, ते ऐकून घेतात बिचारे.

आता भांडण आहे ते फॉर्मवरून. फॉर्ममध्ये दहा सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं रोप शून्य धरायचं असतं. सर म्हणतात तसंच धर, नाहीतर आधीच्या वर्षांशी तुलनाच होणार नाही, आणि ते चूक बोलत नाहीयेत. पण शून्य धरलं की कुंपणाचा प्लॉट यशस्वी ठरतो आणि तार आणखी पुढे सरकते, चाचांच्या वाटेपर्यंत. मी सध्या शून्य लिहून शेजारी पेन्सिलीने मुळाची लांबी लिहीत चाललेय. त्यासाठी कॉलम नाहीये, सर अजून काही बोललेले नाहीत.