होमलॅब नोंद : तीन रास्पबेरी पाय ४ वर कुबरनेटिस, १.३२ वरून १.३३

कुबरनेटिस म्हणजे कंटेनरमधले प्रोग्रॅम अनेक संगणकांवर मिळून चालवणारी प्रणाली. ती १.३२ वरून १.३३ वर नेण्याची ही नोंद. सध्याची मांडणी अशी : ८ जीबीचे तीन रास्पबेरी पाय ४, ६४-बिट रास्पबेरी पाय ओएस, कंटेनरडी (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम), फ्लॅनेल (त्यांचं नेटवर्क जोडणारं) आणि क्यूबअ‍ॅडमने उभारलेला क्लस्टर. तिन्ही नोड (क्लस्टरमधले बोर्ड) कंट्रोल प्लेनचे, म्हणजे क्लस्टर सांभाळणारे, आहेत. टेंट (अशा नोडवर इतर काम येऊ न देणारी खूण) काढून टाकल्यामुळे पॉडही (कंटेनरचे गट) त्यांच्यावरच चालतात. इटीसीडी (क्लस्टरची माहिती साठवणारा डेटाबेस) तिन्हींवर आहे. तीन सदस्यांत बहुमत दोघांचं, म्हणून एक बोर्ड बंद पडला तरी काम चालू राहतं. दोन सदस्यांवर मात्र इटीसीडी उभारू नका. तिथेही बहुमताला दोघंच लागतात, त्यामुळे एक गेला की सगळं अडतं.

या टप्प्यात सर्वांत जास्त फरक पडला तो डिस्कमुळे. इटीसीडी प्रत्येक नोंद एफसिंक होऊन डिस्कवर उतरल्याशिवाय पक्की धरत नाही. एसडी कार्डावर हे काम अडखळतं. हार्टबीट (लीडर सदस्याचा ‘मी चालू आहे’ हा संदेश) मुळात १०० मिलिसेकंदांचा आणि इलेक्शन टाइमआउट (तो न आल्यास नवा लीडर निवडण्याआधीची वाट) १००० मिलिसेकंदांचा असतो. डिस्क रखडली की लीडरचा हार्टबीट वेळेत जात नाही, नवी निवड सुरू होते आणि तेवढ्या वेळात एपीआय सर्व्हर (क्लस्टरशी बोलण्याचं दार) उत्तर देत नाही. लीज (काम आपल्याकडे असल्याची मुदतीची नोंद) टिकवता न आल्यामुळे शेड्युलर (पॉड कोणत्या नोडवर चालेल ते ठरवणारा) आणि कंट्रोलर मॅनेजर (क्लस्टर हवा त्या स्थितीत ठेवणारा) रीस्टार्ट होतात. रीस्टार्टचे आकडे बघून माणूस शेड्युलरमध्ये दोष शोधत बसतो. इटीसीडीच्या लॉगमध्ये ‘अप्लाय रिक्वेस्ट टूक टू लाँग’ वारंवार दिसत असेल, तर आधी डिस्क मोजा.

मोजायला एफआयओ हे डिस्क-चाचणीचं साधन पुरेसं आहे : सिंक इंजिन, एफडेटासिंक १, ब्लॉक २३०० बाइट, आकार २२ एमबी. चाचणी इटीसीडीचा डेटा जिथे राहतो त्याच डिस्कवर चालवा. एफसिंकचा ९९ वा पर्सेंटाइल (१०० पैकी ९९ वेळा ज्याच्या आत काम होतं तो वेळ) १० मिलिसेकंदांच्या आत यायला हवा. सरासरीकडे बघू नका, ती फसवते. आता तिन्ही बोर्डांना यूएसबी ३ वरून एसएसडी जोडल्या आहेत. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, त्यामुळे एका बोर्डाला एकच एसएसडी आणि ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ या आज्ञेचं उत्तर ०एक्स० हवं. ०एक्स५०००० आलं, तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलंय आणि थ्रॉटलिंगही (प्रोसेसरचा वेग कमी करणं) झालंय.

वीज गेली की तिन्ही बोर्ड एकदम बंद पडतात आणि त्या वेळी बहुमताचं गणित कामाला येत नाही. बोर्डांबरोबर नेटवर्क स्विचही यूपीएसवर घ्या. स्विच बंद पडला तर चालू असलेले बोर्डही एकमेकांना दिसत नाहीत.

उभारणीत नेहमी नडणाऱ्या गोष्टी. पाय ओएसमध्ये मेमरी सीग्रुप (प्रोग्रॅमना मेमरीची मर्यादा घालणारी सोय) मुळात बंद असतो. बूटचे पर्याय असलेल्या सीएमडीलाइन फाइलमध्ये ‘सीग्रुप_इनेबल=मेमरी’ त्याच ओळीच्या शेवटी लिहायचं, नव्या ओळीवर नाही. ती फाइल एकाच ओळीची असते. स्वॅपसाठी (डिस्कचा मेमरीसारखा वापर, तो बंद हवा) नुसतं ‘स्वॅपऑफ’ पुरत नाही, स्वॅप तयार करणारी सर्व्हिसही बंद करावी लागते. नाहीतर रीबूटनंतर क्यूबलेट (नोडवर पॉड चालवणारा प्रोग्रॅम) उठतच नाही. कंटेनरडीच्या कॉन्फिगमध्ये ‘सिस्टमडीसीग्रुप’ ट्रू हवं. ते राहून गेलं की क्लस्टर उभा राहतो, पण थोड्या वेळाने पॉड कारण न दिसता पडत राहतात.

कंट्रोल प्लेन एंडपॉइंट (तिन्ही नोडसाठीचा एकच पत्ता) पहिल्या ‘इनिट’लाच (क्लस्टर सुरू करण्याची आज्ञा) द्या. तो न देता उभारलेला एका नोडचा क्लस्टर पुढे तीन कंट्रोल प्लेनवर नेण्याची सोय क्यूबअ‍ॅडममध्ये नाही. तो पत्ता नोडांमध्ये फिरता ठेवणारं क्यूब-व्हीआयपी वापरत असाल, तर १.२९ पासून पहिल्या नोडवर ‘इनिट’ होईपर्यंत त्याला ‘सुपर-अ‍ॅडमिन’ फाइल द्यावी लागते. नेहमीच्या ‘अ‍ॅडमिन’ फाइलला तोवर अधिकारच मिळालेले नसतात. बाकीचे नोड दोन तासांत जोडा. अपलोड केलेली सर्टिफिकेटं त्यानंतर पुसली जातात.

आता अपग्रेड. आधी स्नॅपशॉट (इटीसीडीची बॅकअप प्रत) : इटीसीडीच्या पॉडमध्ये ‘इटीसीडीसीटीएल स्नॅपशॉट सेव्ह’. फाइल डेटाच्याच फोल्डरमध्ये काढा, कारण तेच होस्टवर माउंट असतं. मग ती लगेच बोर्डाबाहेर हलवा. त्यानंतर एपीआय सर्व्हरच्या मेट्रिक्समध्ये ‘रिक्वेस्टेड_डेप्रिकेटेड_एपीआयज’ शोधा. कोण जुनी आवृत्ती मागतंय ते तिथे कळतं. १.३३ पासून एंडपॉइंट्स या (पॉडचे पत्ते देणाऱ्या) जुन्या एपीआयबद्दल इशारे दिसायला लागतात. ते घाबरण्यासारखे नाहीत, पण स्वतःच्या स्क्रिप्ट त्याच्या जागी आलेल्या एंडपॉइंटस्लाइसवर न्यायला हव्यात.

एपीटीचं (पॅकेज बसवणाऱ्या साधनाचं) भांडार प्रत्येक मायनर आवृत्तीसाठी वेगळं असतं. सोर्स फाइलमध्ये १.३२ च्या जागी १.३३ केल्याशिवाय ‘अपडेट’ला नवं काहीच सापडत नाही. पुढचा क्रम : होल्ड (पॅकेजची आवृत्ती गोठवणारी खूण) काढून फक्त क्यूबअ‍ॅडम, मग ‘अपग्रेड प्लॅन’, मग पहिल्या नोडवर ‘अपग्रेड अप्लाय’. त्यानंतर तो नोड ड्रेन (त्यावरचे पॉड हलवणं), क्यूबलेट आणि क्यूबसीटीएल नवे, डेमन-रीलोड, रीस्टार्ट, अनकॉर्डन (नोड पुन्हा कामाला खुला करणं), पुन्हा होल्ड. उरलेल्या दोन्हींवर ‘अप्लाय’ऐवजी ‘अपग्रेड नोड’. एकावेळी एकच नोड घ्या आणि इटीसीडीचे तिन्ही सदस्य निरोगी दिसल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका. मायनर आवृत्ती ओलांडून उडी मारता येत नाही.

ड्रेन ‘५ सेकंदांनी पुन्हा प्रयत्न’ म्हणत थांबला, तर पॉड डिसरप्शन बजेट (किमान किती पॉड चालू हवेत याची अट) तपासा. एकच रेप्लिका (पॉडची प्रत) आणि ‘मिनअ‍ॅव्हेलेबल १’ असेल, तर तो पॉड हलूच शकत नाही. रेप्लिका दोन करा. बजेट पुसून टाकणं हा उपाय मला पटत नाही.

मॅनिफेस्ट्सच्या (कंट्रोल प्लेनच्या पॉडचं वर्णन असलेल्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये बॅकअप ठेवू नका. क्यूबलेट एक्स्टेंशन न बघता तिथली प्रत्येक फाइल वाचतो, फक्त टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली सोडतो. शेवटी ‘बॅक’ जोडलेली एपीआय सर्व्हरची जुनी प्रतही तो चालवायला जातो आणि अपग्रेड होऊनही जुनीच आवृत्ती दिसते. क्यूब-व्हीआयपीच्या मॅनिफेस्टला क्यूबअ‍ॅडम हात लावत नाही. त्याची इमेज आपणच बदलायची.

अपग्रेडमध्ये सर्टिफिकेटं आपोआप वर्षभरासाठी नवी होतात, होम फोल्डरमधली कॉन्फिग मात्र जुनीच राहते. ‘अ‍ॅडमिन’ फाइल पुन्हा कॉपी करा. पॉडच्या लॉगमध्ये ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आला, तर इमेज एएमडी६४ ची, म्हणजे इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठीची, आहे. अशी इमेज पायच्या एआरएम६४ साठी बांधून घ्यावी लागते.

पुढचा टप्पा १.३४ चा. त्यात क्यूबअ‍ॅडम इटीसीडी ३.६ आणतं, म्हणून आधी ३.५ मालिकेतल्या ताज्या पॅचवर जायचं, सदस्यांची यादी तपासायची आणि मगच भांडाराची ओळ बदलायची.