बाईंच्या गळ्यातली टेप

बाई गेल्याचे कळले तेव्हा सर्वांत आधी आठवली ती त्यांच्या गळ्यातली शिवणकामाची टेप, जी मुंबईतले फॅशन डिझायनरचे काम सोडून आमच्या शाळेत गणित शिकवायला आल्यावरही त्यांनी कधी उतरवली नाही. परीघ शिकवताना त्यांनी जुन्या धोतराच्या तुकड्याची चौपदरी घडी घातली, ६६ सेंटिमीटर कमरेच्या घेरदार स्कर्टसाठी त्रिज्या किती हवी ते विचारले, आणि २२/७ धरून आमचे उत्तर १०.५ आल्यावर घडीच्या कोपऱ्यापासून तेवढेच मोजून खडूने कंस काढला व कात्री चालवली. घडी उलगडली तेव्हा मधोमध अगदी गोल भोक होते. (शिलाईसाठी माया, म्हणजे थोडे जास्तीचे कापड, सोडावी लागते, हे आम्हांला पुढच्या तासाला कळले.)

४५ अंशांचा कोनही आम्ही कापडावरच शिकलो. उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने फारसे न ताणले जाणारे कापड उरेब, म्हणजे धाग्यांशी ४५ अंशांत तिरपे, धरून ओढले की कसे लांबते, हे त्यांनी प्रत्येकाच्या हाती गुळेदगुड्डच्या खणाची कतरण देऊन दाखवले होते. जुन्या कामाविषयी त्या फारसे बोलत नसत. माझी कतरण, हिरवी आणि लाल काठाची, अजून कंपासपेटीत आहे.